डब्याला तीनदा वाजायला शिकव

जिजींनी मला ठेवून घेतलं. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. नाशिकला माझं कोणी नव्हतं, शाळा सातवीतच सुटलेली, नवरा गेल्यावर भावाच्या घरात मी भावजयीला जड झालेली. अशा वेळी मखमलाबादच्या या फुलं पिकवणाऱ्या म्हातारीने, तिच्या मुलाने मला काढून टाकायचं ठरवलेलं असताना, मला ठेवून घेतलं. गेल्या महिन्यात त्या गेल्या. मी तेव्हा माझ्या गावी, पुसदकडे, भावाच्या मुलीच्या लग्नाला गेलेली. मांडवात फोन आला, जिजींच्या सुनेचा, सुनंदाताईंचा. "कमल, जिजी झोपेतच गेल्या गं…" माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "बेल वाजली होती का?" पलीकडून उत्तर आलं नाही. मांडवात डीजे चालू होता. ताई गप्प राहिल्या, की बोलल्या आणि मला ऐकू आलं नाही, हा संशय एसटीत अख्ख्या रस्ताभर मला खात होता.

जिजींचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा, घरोघरी आजाऱ्यांना सांभाळायला बायका पाठवणाऱ्या संस्थेने मला त्यांच्याकडे पाठवलं. सगळा जन्म त्यांनी फुलबाजारात झेंडू-शेवंती विकण्यात काढलेला, त्यामुळे कुणावर चटकन विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा धर्मच. पहिल्या दिवशी मी चहा नेला तर म्हणाल्या, "आधी तू पी." मला नावाने बोलवायच्या नाहीत, माझ्या जिल्ह्यावरून "ए यवतमाळ!" म्हणायच्या, आणि माझ्या 'काहून'ची, 'मले'ची नक्कल करून स्वतःच हसायच्या. मीही त्यांच्याकडे तिरक्या नजरेनेच बघायची. ही बाई एक दिवस माझं नाव खराब करणार, असं मनात पक्कं होतं. त्यांची खोली पुढच्या अंगाला, मी मागच्या पडवीत, मध्ये लांबलचक घर. हाक पोचायची नाही. म्हणून त्यांचा मुलगा, विलासभाऊ, बिनतारी बेल घेऊन आले. एक पांढरा डबा, तो पडवीतल्या प्लगमध्ये खोचायचा, आणि एक बटण, ते जिजींच्या गळ्यात. डब्याच्या कडेची कळ दाबून धरली की निळा दिवा लुकलुकतो, तेवढ्यात गळ्यातलं बटण दाबायचं, की डबा त्या बटणाला ओळखायला लागतो. भाऊ समजावून सांगत होते आणि जिजी डब्याकडे, नासका माल बघावा तशा बघत होत्या.

"वायर नाय, काय नाय, मग हे जातं कुठून?"

"हवेतून जातं जिजी. लहरी असतात."

"मग आपलं बोलणं पण हवेतूनच जातं ना? ते पण जात असंल."

भाऊंनी कपाळाला हात लावला. मला मात्र ते पटलं. मला वाटलं, या डब्यातून ताई मळ्यात बसून फोनवर आमचं सगळं ऐकत असणार, मी किती वेळ बसते, किती वेळ उभी असते ते सगळं. मी दुपारी डब्यावर जाड टॉवेल टाकून ठेवायला लागले. आणि सुनेविषयी काही बोलायचं असलं की जिजी ते बटण गळ्यातून काढून उशीखाली सारत, वर स्वतः रेलून बसत, मगच सुरू करत. एकमेकींवर विश्वास नव्हता, पण त्या डब्यावर दोघींचाही नव्हता, एवढं एक आमचं जुळलं.

मग ती दुपार आली. तोवर बेल वाजली होती ती घरात माणसं असताना. त्या दिवशी भाऊ आणि ताई मळ्यात, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, आणि बेल वाजली. एकदाच. आता आमच्याकडे, म्हणजे माझ्या गावी, सुनसान दुपारी किंवा दिवेलागणीला पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदाही बोलावतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच बोलावतं आणि वाट बघतं… आई सांगायची. मी हातातली भाजी तशीच धरून दुसरीची वाट बघत बसले. दुसरी वाजलीच नाही. शेवटी धीर करून गेले तोवर उशीर झाला होता. अंथरूण ओलं, आणि जिजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी त्यांना पुसून घेतलं, लुगडं बदललं.

भाऊ आल्यावर त्यांना वासावरूनच कळलं. "बेल वाजली नाही का?" म्हणून विचारलं. वाजली नाही म्हटलं असतं तर डब्यावर गेलं असतं, पण तोंडून निघालं, "वाजली." "मग झोपली होतीस?" "नाही." "मग?" मला सांगता येईना. सांगितलं असतं तर हसले असते. "सोमवारपासून दुसरी बाई बोलावतो," एवढं बोलून ते बाहेर गेले. माझ्या डोळ्यांसमोर भावाच्या घराचं दार आलं आणि त्यात उभी असलेली भावजय.

तेव्हा जिजी वळल्या. "ए, इकडं ये. झोपली नव्हती हे मला म्हाईत हे. तुझ्या बांगड्यांचा आवाज येत होता. मग का नाय आली?"

मी सांगितलं. हसतील म्हणून खाली बघून सांगितलं. जिजी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी हाक एकदाच मारते. बाजारात गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा हाक मारली की ते लगेच भाव पाडतं. त्याला कळतं, हिला गरज हे." आणि मग, "मी आता नाय बदलायची. आणि तू पण नाय बदलायची, दिसतंच हे."

सकाळी भाऊ संस्थेला फोन लावायला बसले तर आतून आवाज आला. "विलास, बाई नको बदलू. डबा बदल."

"डबा चांगला आहे जिजी!"

"मग त्याला तीनदा वाजायला शिकव."

भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी म्हातारीवर काही करणी केली असावी. पण बसले. डब्यात सूर पुष्कळ होते. कोकिळा झाली, देवळातली घंटा झाली, वाढदिवसाचं इंग्रजी गाणं झालं. कुत्र्याचं भुंकणं लागलं तेव्हा शेजारचं खरं कुत्रं दारात येऊन उभं राहिलं. मध्येच भाऊंच्या हातून कळ जास्त वेळ दाबली गेली आणि डबा जिजींचं बटण विसरूनच गेला. "बघ, मेल्यानं ओळख सोडली," जिजी म्हणाल्या. ताई म्हणाल्या, "अहो, दाबून काय धरता, सोडा की!" पुन्हा निळा दिवा, पुन्हा ओळख, आणि शेवटी सापडला तो सूर. एकदा दाबलं की टण, टण, टण. जिजींनी एकदाच बोलवायचं, मला तीन हाका ऐकू येणार. भाऊंनी फोन खिशात टाकला. सोमवारी कोणी आलं नाही.

याचा अर्थ जिजींचा विश्वास बसला असा नाही. बेल वाजायची, मी धावत जायची. "काय जिजी?" "काय नाय. बघत व्हते, येती का." मी चिडायची. "अजून भरवसा नाय का?" तर म्हणायच्या, "पाटीत वरची फुलं सगळ्यांचीच ताजी असत्यात. खालची हात घालून बघावी लागत्यात." पुढे पुढे बेल फार वेळ वाजली नाही तर मलाच शंका यायची, मी आपणहून जाऊन दारात उभी राहायची. "मी बोलावलं का?" "नाही." "मग?" "बघत होते." त्यावर एकदा इतक्या हसल्या की खोकला लागला, पाणी पाजावं लागलं. त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाल्या, "पुरे, कमळे."

लग्नघर आवरून निघेपर्यंत दिवस गेले, मी परत आले ती थेट दहाव्याला, रामकुंडावर. घरी आल्यावर जिजींच्या धाकट्या बहिणीने, वणीच्या मावशींनी, सगळ्या बायकांत विषय काढला. "सांभाळणारी नेमकी तवाच कशी गेली? डबा बंद करून गेली असंल." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता भाऊ तीच जुनी नजर टाकणार.

"मावशी, आधी तिला विचार," भाऊ म्हणाले. "मग बोल."

मी सांगितलं. जाताना बटणाचा सेल नवा घातला, डबा भाऊंच्या खोलीत लावला, त्यांच्यासमोर वाजवून बघितला. भाऊ म्हणाले, "आणि मी जागाच होतो. वाजली नाही." मावशी पुटपुटत उठल्या. बटण गळ्यात नव्हतं, खुंटीला होतं, हे मला नंतर कळलं. टोचतं म्हणून जिजींनी स्वतःच काढलं, असं ताई सांगतात. असेल. मी मान हलवते. पण जिजींच्या हाताखाली राहिलेली बाई आहे मी, शंका एवढ्यात जात नाही…

मी अजून याच घरात आहे. ताईंबरोबर शेडमध्ये फुलांच्या जुड्या बांधते. जिजींच्या खाटेशेजारी भिंतीवर, त्या टेकून बसायच्या तिथे, त्यांच्या केसांच्या तेलाचा गोल डाग आहे. ताई म्हणतात रंग देऊन टाकू. भाऊ हो म्हणतात आणि रंग काही आणत नाहीत. मी झाडताना त्या डागापाशी थांबते, आणि का कोण जाणे, पदर सारखा करते.

जिजी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात, ती नात्यातल्यांनी आणि आपल्या घरात. मी नात्यातली नाही, आणि घर अजून नाही. पण कधीतरी होईल, एक खोलीचं का होईना. तेव्हा पहिली घागर तुमची. पाणी गाळूनच भरीन. तरी तुम्ही वाकून तळ बघालच. बघा.