खरवडलेलं हसू

चाकणच्या पेठेत दौलतरावांचा इंद्रायणी फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीत दुसरा नव्हता, म्हणून तो पहिल्या नंबरचा होता. नवं जोडपं असो की मास्तरांचा निरोप समारंभ, दौलतराव सगळ्यांना ताठ बसवत, तीन पायांच्या कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं खुपसत आणि आतून ओरडत, "हलायचं न्हाई!" माणसं श्वास कोंडून बसत. पण चेहऱ्यावरचे देवीचे वण ते निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून असे बेमालूम बुजवत, की गिऱ्हाईक खूश होऊन जाई.

सगळं बरं चाललं होतं आणि अर्जुनरावाने कॅमेरा घेतला.

अर्जुनराव महाळुंग्याचा, दौलतरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला आणि पुण्याहून एक काळा चौकोनी डबा घेऊन आला. संक्रांतीच्या सुट्टीत त्याने दौलतरावांना बायकोसकट रानात हुरड्याला बोलावलं. दौलतराव आपला तीन पायांचा कॅमेरा घेऊनच गेले. त्या डब्यापुढे हात हलवत जाणं त्यांना जमणारच नव्हतं.

त्यांनी रीतीप्रमाणे सगळ्यांना रांगेत बसवलं. कणसं आगटीत भाजून तयार होती, ती गार झाली. पोरं कंटाळून रडायला लागली. शेवटी एकदाचा फोटो झाला.

"आता खावा निवांत," अर्जुनराव म्हणाला आणि डबा पोटाशी धरून माणसांमध्ये हिंडू लागला. खाली डब्यात बघायचा आणि तोंडाने गप्पा मारायचा. कुणाला कळायच्या आत खटका दाबून मोकळा.

"इतक्या जवळनं?" दौलतरावांना राहवलं नाही.

"लांबनं काढला तर रानच दिसतंय, मानसं मुंगीएवढी. आन् ऊन बाजूनं घ्यायचं. समोरनं आलं की डोळं मिचकावत्यात."

काल कॅमेरा हातात घेतलेला माणूस आपल्याला ऊन शिकवतो! दौलतराव आतून पेटले. ते अर्जुनरावाच्या मागे जाऊन उभे राहिले. समोर सुभद्राबाई, म्हणजे त्यांचीच बायको, पुन्हा भाजलेली गरम कणसं तळहातावर चोळत होती. तिने मान वर केली आणि खळखळून हसली. खटका वाजला.

बारा वर्षांच्या संसारात तिचं असं हसू दौलतरावांनी पाहिलं नव्हतं. आणि ते तिने दिलं कुणाला? त्या डबेवाल्याला!

पण गंमत अशी, की फिल्मचा रोल धुवायला अर्जुनरावाला येणार कुठे? आठवड्याने तो दौलतरावांच्याच हातात पडला. दुपारी दुकानाची फळी लावून त्यांनी तो धुतला, वाळवला आणि खिडकीशी धरला. एकेक फोटो जिवंत होता. पोर कणसासाठी हात पुढे करतंय, म्हातारी तोंडावर पदर घेतेय. दौलतरावांना कबूल करावं लागलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. शेवटी सुभद्राबाई आली. निगेटिव्हमध्ये दात काळे दिसतात. ती काळ्या दातांनी हसत होती.

त्यांनी भिंग लावलं आणि बारीक पातं घेतलं. दात खरवडून काढले. मग पेन्सिलीने ओठ जुळवले. इतकं सफाईदार काम त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

अर्जुनरावाने फोटो बघून डोकं खाजवलं. "वैनी हसत हुत्या की रं."

"तुला तसं वाटलं असंल," दौलतराव म्हणाले.

त्याने एक प्रत सुभद्राबाईला दिली. तो गेल्यावर तिने फोटो उजेडाकडे धरला.

"ह्यात मी गप का? मला तर हसू आवरंना झालं हुतं."

"अर्जुनराव बोलतो गोड," दौलतराव कुजकटपणे म्हणाले.

"त्यांच्याकडं कोन बघतंय? त्यांच्यामागं तुमी हुता. नाकाला ही एवढी काजळी लागलेली, आन् तसल्या तोंडानं मला डोळं वटारीत हुता, हलू नको म्हनून." तिला आठवूनही हसू फुटलं. "म्हटलं, बरं झालं, हसताना मी तुमाला फोटूत तरी घावीन."

दौलतराव उठून आत गेले. निगेटिव्ह काढून पेन्सिलीने दात परत भरू लागले. वण बुजवणारी पेन्सिल होती ती. तिने काढलेले दात सोंगाच्या मुखवट्यासारखे दिसले. त्यांनी ते पुसून टाकले.

सुभद्राबाईने तो फोटो हौसेने चौकटीत बसवून घेतला आणि दुकानात दर्शनी लावला. येणारं गिऱ्हाईक टेकायच्या आधीच त्याच्याकडे बघायचं.

"ह्यो तुमीच काढलेला, दौलतराव. सांगायला नको," लोक म्हणायचे. "मानूस कसा जागचा हलला न्हाई!"