बेडूक आढळला नाही

माझी पीएच.डी. बेडकांवर आहे. त्यातही अशा बेडकांवर, जे उन्हाळाभर तळ्याच्या चिखलात खोल जाऊन झोपतात आणि पाऊस पडला की वर येतात. पाच वर्षं मी दुसरं काही केलं नाय. मुकुंदवाडीतली घरमालकीण म्हणायची, "पोरी, लग्नाचं वय बेडकांत घालवतीस व्हय?" तिचं बोलणं मी हसण्यावारी न्यायचे. हे आधीच सांगते, कारण मला कळत नव्हतं असं म्हणायला मला तोंडच नाय.

त्या वर्षी खुलताबादजवळचं एक तळं बुजवून कुणाला तरी रिसॉर्ट बांधायचं होतं. तळ्यात काय काय जगतं, याचा अहवाल विद्यापीठातल्या आमच्या पर्यावरण विभागानं द्यायचा होता. सर, म्हणजे माझे गाईड, म्हणाले, "मेमध्येच उरकू. बेडकांचा भाग तू लिही, तुझ्या नावाला वजन आहे." मे महिन्यात! तेव्हा तळं म्हणजे नुसती भेगाळलेली जमीन. सरांच्या मनात काय आहे ते मला तिथंच कळलं. पण माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. अडला हरी गाढवाचे पाय धरी. बसले विभागाच्या जीपमध्ये.

तळ्याकाठी एक चाचा शेळ्या घेऊन उभे होते. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत त्यांच्या शेळ्या ह्याच तळ्याचं पाणी पीत. दुसरं पाणी पार डोंगराखाली. आमच्या जाळ्या बघून त्यांना हसूच आलं. "बेटा, आत्ता काय बघायलीस? बेडूक खाली झोपलंय. दोन पाणी पडू दे, मंग ये. लई वरडतंय, माणसाला झोपू देत नाय."

मी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "आपण दिसतं तेच लिहितो. विज्ञान आहे हे."

मी लिहिलं, बेडूक आढळला नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. खाली माझी सही. आठ दिवसांत प्रबंधावर सरांचीही सही झाली, आणि मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. लाज कशी वाटली नाय, देव जाणे! सगळा दोष सरांच्या माथी मारला असता तर बरं वाटलं असतं, पण लिहिणारा हात माझाच होता.

जुलैत चाचा विभागात येऊन धडकले. एसटीनं, मग रिक्षानं. हातात तेलाचा रिकामा डबा, आणि डब्यात ओल्या चिखलात एक टपोरा, जिवंत बेडूक. "तळं बुजवणार म्हणत्यात. म्हटलं, पोरीला हे दाखवावं. आता तरी लिहिशील ना बेटा?" अहवाल जाऊन महिना झाला होता.

सर मात्र खूश. "अरे वा! असा नमुना आपल्या संग्रहात नव्हता." त्यांनी सांगितलं आणि तो बेडूक मीच मारला, मीच फॉर्मॅलिनच्या बरणीत सोडला, वर चिठ्ठी चिकटवली. नाव, गाव, तारीख.

"मेलं का ते?" चाचांनी विचारलं.

सरांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हे बघा, लिहिलं की!"

चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी सरांना सोडून माझ्याकडं बघितलं. "व्हय का बेटा? लिहिलंस?"

"व्हय चाचा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रिकामा डबा घेऊन गेले.

पुढचं मला आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं सांगितलं, तो तिकडचाच. मुरमाचे डंपर आले तेव्हा चाचा तळ्याच्या वाटेवर आडवे उभे राहिले म्हणे, आणि एकेका डंपरवाल्याला सांगत होते, "माघारी जा बाबा. विद्यापीठातल्या पोरीनं लिहून दिलंय."