शनिवारचा बैल

आता माह्या अकलेचं काय सांगू राजेहो! चहा घ्या, पन हसता हसता सांडू नका.

मी खामगावात बोर्ड रंगवतो, फ्लेक्स छापतो. वाढदिवस, बारसं, 'भावी सरपंच', सारं आपल्याकडंच. लोक मले फ्लेक्सवाला म्हनतात. मले व्हायचं होतं डिझायनर!

अन् संधी आली ना! सॅम्युएल काका कोकणातले बेने इस्राएली, म्हंजे मराठी बोलनारे ज्यू, पूर्वी इथं बँकेत बदलीवर होते. त्याईचा फोन आला. "अरे सुन्या, आमच्या गावचं सिनेगॉग, आमचं प्रार्थनामंदिर, फार जुनं. आता त्याला नवं रूप द्यायचंय. बोर्ड, कागद, पिशव्या, सगळ्यांवर एकच बोधचिन्ह. मंडळी मुंबईचा माणूस बघताहेत, मी तुझं नाव टाकलंय. माझी लाज राख."

काकाईनं गोष्टबी सांगितली. त्याईचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत. शनिवार त्याईचा विसाव्याचा दिवस. घाणा बंद, बैल मोकळा. म्हनून गावानं नावच पाडलं, शनिवार तेली.

वा! सरकीचं तेल काढनाऱ्या खामगाववाल्याले तेलाचं काय शिकवता! झकास काढलं. थांबलेला घाणा, बाजूले निवांत बसलेला बैल, वर दिव्याची ज्योत. शुक्रवारी दिवस मावळता मावळता धाडून देलं.

जवाबच नाही. शनिवारी सकाळी फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद! काकाची लाज गेली, माही डिझायनरी गेली!

बायको म्हने, "अहो, तोंड पाडून काऊन बसले?"

"काकाले आवडलं नाही वाटते. फोनच बंद करून ठेवला!"

तेवढ्यात शेजारचा चहावाला गज्या आला. चित्र पाह्यलं अन् म्हने, "आवडन कसं बे? बैल बसलेला! लोक म्हनतीन, संस्था झोपली."

पटलं ना मले! लगेच बैल उठवला, घाण्याले जुंपला, धाडला. तरी फोन बंद. मंग बैल पळवला. धूळ उडवली, तेलाची धार सोडली. दुपारून तं खाली ठळक अक्षरात लिहून टाकलं, 'सातही दिवस आपल्या सेवेत!' वरून मेसेजमध्ये बोललो, "काका, पहिलं फेकून द्या, चुकलो! आता बैल एकबी दिवस बसत नाही, शब्द देतो!"

अंधारून आलं अन् काकाचा फोन. मी धडपडत उभाच राह्यलो.

"अरे, शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवार मावळेपर्यंत आम्ही फोनला हात लावत नाही. आत्ता उघडला."

घ्या! शनिवारची गोष्ट मी सवताच चितारली होती. पन तो विसावा जुन्या घाण्याचा, फोनले थोडाच लागू असते, असं माहं डोकं!

"पहिलं चित्र बघून आमच्या हिच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रार्थनेनंतर सगळे इथंच होतो, तेच पक्कं केलं."

"खरंच काका?" मले तं रडूच फुटलं.

"हो रे. पण पुढची बघून मंडळी हसून लोळताहेत. पिढ्यान्‌पिढ्या आमचा बैल शनिवारी कुणी जुंपला नाही. तू खामगावात बसून जुंपलास, तोही पळवत!"

आता तुमीच सांगा. त्या दिवशी काका निवांत, मंडळी निवांत, त्याईचा बैलबी निवांत. दिवसभर घाण्याभोवती फिरला तो एकच बैल, अन् तो खामगावचा!