रडारवरचा पाऊस

आमच्या घरी मी बोटीवरची गोष्ट सांगायला बसलो की पुतणी आधीच विचारते, "काका, याच्यात तुमी घाबरता का?" घाबरतो. सगळ्याच गोष्टींत घाबरतो. वडवणीकडच्या कोरडवाहू रानात वाढलेल्या, पाठीला डबा बांधून विहिरीत कसंबसं पोहायला शिकलेल्या माणसाने मालवाहू जहाजावर अधिकारी व्हावं, हीच मुळात घाबरण्यासारखी गोष्ट आहे.

ते साल दुष्काळाचं होतं, सलग दुसरं. बंदरातून घरी फोन लावला. वडील गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव. म्हणाले, "जनावरं छावणीत हायेत. संस्थेचे कॅन उपडे घालून ठेवलेत. तुज्याकडं आभाळ कसंय?"

"भरून आलंय," मी म्हणालो.

आपणच गावचं आभाळ पळवून आणल्यासारखं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जहाज समुद्रात होतं आणि दुपारचा पहारा माझा, म्हणजे सेकंड ऑफिसरचा, होता. सोबत एक खलाशी. समोर रडारचा पडदा. रडारचं काम सांगायला सोपं आहे. वर अँटेना फिरत राहतो, लहरी सोडतो, आणि त्या ज्याला आपटून परत येतात ते पडद्यावर उमटतं. जहाज उमटतं, बेट उमटतं, आणि पाऊसही उमटतो. पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा. त्या ढिगात एखादी लहान होडी सहज लपते. म्हणून एक बटन असतं. ते फिरवलं की पाऊस फिका होतो आणि आतलं दिसू लागतं. फार फिरवलं तर होडीही पुसली जाते, म्हणून जपून. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

त्या दुपारी असाच एक ढीग थेट आमच्या वाटेवर पसरला होता. मी बघत राहिलो. एवढ्या पावसात आमचा अख्खा तालुका भिजला असता. मनातल्या मनात मी तो उचलून वडवणीवर ठेवला, मग थोडा केजकडे सरकवला, कारण तिकडे सोयरे आहेत. हात बटनावर होता, पण फिरवेना. दोन वर्षं वाट बघायला लावलेला पाऊस आपल्याच हाताने पुसायचा कसा?

तेवढ्यात काचेवर सपकारे बसले आणि जहाजाचं पुढचं टोक दिसेनासं झालं. असं झालं की कॅप्टनना बोलवायचं, असा हुकूमच होता. बोलावलं. ते सपाता ओढत आले. माणूस कोकणातला, पावसाला जन्माचा विटलेला. पडदा बघून म्हणाले, "सेकंड साहेब, होड्या बघायच्या सोडून पाऊस काय बघत बसलात? पुसा तो आधी!"

मी बटन फिरवलं. पाऊस विरत गेला आणि समोर, जरासा डावीकडे, एक ठिपका आला. अँटेनाच्या पुढच्या फेरीला गेला. परत आला. ठिपका एकाच दिशेला राहून जवळ येत असेल तर धडक ठरलेली असते. मी फेरीमागून फेरी बघत होतो. दिशा तीच. अंतर कमी.

"सर, हाय! लई जवळ हाय!" घाबरलो की माझं पुस्तकी मराठी आधी पळतं.

"हाय ना? मग आता त्योच बघा," कॅप्टननी माझीच नक्कल केली, पण त्यांचा चेहरा हसत नव्हता. इंजिन मंद करायला सांगितलं. खलाशाने सुकाणू हातात घेतलं. "उजवीकडे घ्या!" कॅप्टन त्याला म्हणाले.

भोंगा घुमला. पण भरलेलं जहाज म्हणजे काही बैलगाडी नव्हे, कासरा ओढला की वळली. सुकाणू वळलं तरी ते बराच वेळ सरळच जात राहतं. माणसं असतील का त्या होडीत? झोपली असतील का? भोंगा ऐकू जात असेल का? मी ठिपक्याला मनातच हात जोडले. मग ठिपका हळूच डावीकडे सरकला. पुढच्या फेरीला आणखी थोडा.

"सरकतोय," मी म्हणालो.

मी डावीकडच्या उघड्या कठड्याकडे धावलो. पावसाच्या पडद्यातून लाकडी होडी बाहेर आली, इतकी जवळ की माणसं मोजता यावीत. इंजिन बंद करून ते पावसात मुद्दाम थांबले होते. चौघांनी ताडपत्री चार कोपऱ्यांना ताणून धरली होती आणि तिच्या मधल्या झोळातून पाणी पिंपात पडत होतं. प्यायचं पाणी.

डोंगराएवढं जहाज शेजारून चाललेलं. आमच्या लाटेने होडी हेलकावली, एकजण गुडघ्यावर आला. त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं, बहुतेक शिव्याही दिल्या.

पण ताडपत्रीचा कोपरा कुणी सोडला नाही.