ताईचं दुसरं लग्न
रायपूरच्या पंडरी बाजारात कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला ताईचं दुसरं लग्न आठवतं. नवरा तोच होता. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. ताईनं एका परदेशी मुलाशी कोर्टात लग्न केलं होतं आणि आई त्याच्याशी बोलत नव्हती. ताईला आपल्या देशात नेण्यासाठी त्यानं अर्ज केला, तेव्हा तिथल्या कचेरीनं लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून घरच्यांसोबतचे फोटो मागितले. दादा म्हणाला, हार घालून उभे राहू, दोन फोटो काढून टाकू. आई म्हणाली, "खोट्या लग्नात मी उभी राहत नाई. लावाचं असन तं खरं लावू." अंतरपाटाचं कापड तिनं स्वतः पंडरीतून आणलं, भटजी बोलावले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आई कुठे दिसेना. ती गच्चीवर तुळशीला पाणी घालत बसली होती. दादा कॅमेरा घेऊन धावला, "आई, फोटोत तं तूच पायजे न." "पोट्टीची माय लग्न पाहत नसते," ती मागे न वळता म्हणाली. दादानं तसाच फोटो काढला, पाठमोऱ्या आईचा, आणि ताईनं फायलीत तोच सगळ्यात वर लावला. माझ्याकडेही तो आहे. त्यात नवरा-नवरी नाहीत, पण लग्नाचा याहून खरा फोटो मी अजून पाहिलेला नाही.