शिडीची दुसरी पायरी

"शुड नको! विल म्हण, विल!" मी असा ओरडलो की डोळ्यांच्या दवाखान्यातले झाडून सगळे पेशंट पट्ट्यांखालून माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टर मेधा माझी जुनी विद्यार्थिनी. ती एवढंच म्हणाली होती, "शी शुड सी, सर." माझ्या बायकोच्या, सुमनच्या, ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी तासाभराने सुटणार होती. दुसरा डोळा लहानपणीच गेलेला.

"सर, खात्री असेल तरच विल, हे तुम्हीच शिकवलंत," मेधा हळूच म्हणाली.

शिकवलं होतं खरं. तीस वर्षं इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर खात्रीची शिडी काढली. वर विल, खाली शुड, मग मे, तळाला माइट. निम्मा तालुका त्या शिडीवर चढवला. पण वरून पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत सह्याद्रीएवढी दरी आहे, हे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर कळलं. इंग्रजांनी उद्याचेही तुकडे करून ठेवलेत. त्यापेक्षा आपलं 'दिसेल' बरं. आशा, अंदाज, देवाची शपथ, सगळं एकाच गाठोड्यात. पण गाठोड्यात हात घातल्यावर यातलं काय हाती लागेल, ते कोण सांगणार? त्या तासाभरात मी चार किलो वाळलो असेन, कमी नाही.

पट्टी सुटली. सुमनने पापणी दोनदा मिटली, उघडली, आणि माझ्या दिशेला मान वळवली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"शर्टाची बटणं वरखाली लावलीत," ती म्हणाली.