कातडीचा दाखला

माझी कातडी, केस, भुवया, सगळं जन्मापासून पांढरं. डोळे फिकट, सारखे हलणारे. उन्हात सड्यावरून, उघड्या कातळावरून चालताना ते उघडतच नसत, म्हणून मी थंडीतही छत्री घेऊन शाळेत जायचे आणि मागून पोरं ‘मडमीण’ म्हणून ओरडायची. फळ्यावरचं मला कधी दिसलं नाही. शेजारची मैत्रीण कुजबुजत वाचायची, मी लिहायचे. तशीच दहावी झाले.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी लांज्याजवळच्या आमच्या गावात बालवाडी निघाली. दहावी झालेली मुलगी मी एकटीच, म्हणून नेमणूक मला मिळाली. पहिल्या दिवशी अठरा मुलं आली. एका मुलीने माझ्या हातावरून बोट फिरवलं, बोटाला काही लागलं का ते पाहिलं आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. मुलांची शंका तेवढ्यात फिटली. आठवड्याने चारच मुलं उरली.

मी घरोघर गेले. एका आईने मला अंगणातच थांबवलं.

“कोड हाय ना तुला? पोरांना लागंल.”

“हे कोड नाही, जन्मापासून असंच आहे. आणि कोडसुद्धा कुणाला लागत नाही.”

“तू सांगतेस. डॉक्टर सांगंल तर खरं.”

म्हणून एस.टी.ने रत्नागिरीला गेले. डॉक्टरांनी लिहून दिलं की हे संसर्गाचं नाही, हिच्या शरीरात रंग तयार होत नाही इतकंच. कागद घेताना मला लाज वाटली. मला शिवलं तर चालतं, हे मला सहीशिक्क्यानिशी सिद्ध करावं लागत होतं.

गावच्या सभेत सरपंचांनी तो मोठ्याने वाचला.

“कागद खरा असंल गो बाय,” एक म्हातारे म्हणाले, “पन पोरां भितात.”

“मुलं भीत नाहीत. तुम्ही भिता.”

सरपंच गोडीत म्हणाले, “तू घरी बसून वह्या लिही. शिकवायला दुसरं कुणी बघू.”

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी चारांतली दोन मुलं कमी झाली.

त्याच आठवड्यात बौद्धवाडीतली एक बाई आपल्या दोन मुली आणि शेजारची तीन मुलं घेऊन आली. “आमाला शिवू नका म्हनायचे, ते असंच,” ती म्हणाली. “तुमाला आता कळलं असंल.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. आमच्या घरी आई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची. मी लहानपणापासून ते पाहत होते आणि एकदाही तोंड उघडलं नव्हतं. मला निदान डॉक्टरचा कागद मिळाला. तिने कुठल्या दवाखान्यात जायचं होतं?

गावातल्या घरांना आता मुलं न पाठवायला दोन कारणं झाली. सात मुलांवर मी दीड वर्ष बालवाडी चालवली. मग वरून साहेब आले, डोकी मोजली, ‘पट अपुरा’ असं लिहिलं. पट अपुरा का, हे विचारलं नाही. बालवाडी बंद झाली.

पुढच्या जूनमध्ये ती त्याच खोलीत पुन्हा सुरू झाली. बाई म्हणून सरपंचांची भावजय होती, नववी नापास. खोली भरली. बौद्धवाडीच्या मुलींना मात्र दाराशी वेगळं बसवलं, हे त्यांच्या आईने मला येऊन सांगितलं. आम्ही दोघी तालुक्याला गेलो, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या खेपेला साहेबांनी गावाला तंबी दिली आणि मुली बाकीच्या रांगेत बसल्या.

त्याच खेपेला मी माझ्या जागेचं विचारलं होतं.

“आंधळ्यांसाठी जागा असतात,” साहेब म्हणाले, “पण तुम्ही आंधळ्या नाही. आणि नीट दिसणाऱ्यांतही बसत नाही. तुमचं काय करायचं?”

एस.टी.त ती म्हणाली, “मुली बसल्या. तुमचं राहिलं.”

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर तिच्या पडवीत मी सात वर्षं शिकवण्या घेतल्या. गावातलीही काही मुलं येऊ लागली, दहावीची तेवढी. परीक्षा जवळ आली की माझ्या कातडीची भीती कुणाला वाटत नसे. निकाल लागला की पेढे आमच्या घरी येत, पण आणणारे ते अंगणातूनच आईच्या हातात देत.